एकशे बारा सह्यांचा डॉक्टर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कुणी खिदळलेलं मला चालणार नाही, कारण प्रकार हसण्यासारखा असला तरी मी अजून रागात आहे. कुणावर, ते तुम्हीच ठरवा. मी ठरवायचं टाळते आहे.

तर मी सुमन. वाळव्याकडची, चौथी पास. पोरगी इथं कॉलेजला आली, नोकरीला चिकटली, तिचे कायम राहायचे कागद झाले, मग तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. आम्ही येऊन वर्ष होतंय तोवर तिची नोकरी गेली हॅलिफॅक्सला. म्हणजे देशाच्या या टोकाला व्हँकुव्हरात आम्ही, त्या टोकाला ती. आमच्या बेसमेंटमध्ये राहिलो आम्ही दोघं. मालक, म्हणजे माझे नवरे, गोदामात खोकी उचलतात. मी पेलसाहेब म्हणून एक गोरे म्हातारे आहेत, त्यांच्याकडं स्वैपाकपाणी बघते, त्यांना आंघोळीला धरते, सामान आणायला बरोबर जाते.

ही झाली ओळख. आता राग.

या देशात सगळं मिळतं हो. चिंच मिळते, कढीपत्ता मिळतो, बर्फात घालायचे टायरसुद्धा वेगळे मिळतात. डॉक्टर तेवढा मिळत नाही. फॅमिली डॉक्टर पाहिजे म्हणून नाव नोंदवून आम्हाला चार वर्षं झाली. वेळ न घेता जायच्या वॉक-इन क्लिनिकला जावं तर दार उघडायच्या आधी रांग, आणि दार उघडलं की आतून एक पोरगी येऊन सांगणार, आजचे नंबर संपले. अगं बाई, आत्ता तर उघडलंस. संपले कधी? इमर्जन्सीत जावं तर आठ-आठ तास खुर्चीवर. मालक म्हणायचे, तेवढ्या वेळात माझी एक शिफ्ट होते, मी नाही येणार.

आणि नेमका तेव्हाच त्यांना बूट चावला. गोदामात ते लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट घालावे लागतात ना, ते. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड आला, फोडाची जखम झाली, आणि जखम काही भरेना. मालकांना शुगर आहे. शुगरवाल्याची पायाची जखम म्हणजे काय असतं ते मला कुणी सांगायला नको. माझ्या सख्ख्या चुलत्याचं आधी बोट गेलं, मग पाऊल. मी त्यांना काठी घेऊन उड्या मारत परसाकडं जाताना बघितलंय. त्यामुळं मालकांचा पायमोजा उतरवला की मी आधी बोटं मोजायचे.

अशा वेळी माणसाला घरात डॉक्टर सापडला तर तो काय करेल?

मला सापडला. पेलसाहेबांच्या बैठकीच्या खोलीत.

आता माझं चुकलं कुठं ते बघा. त्यांच्या भिंतीवर एवढा मोठा फोटो. पांढरा कोट, गळ्यात नळी, कपाळाला आठी, मागं दोन नर्स. खाली आणखी एक, ऑपरेशनचा हिरवा झगा घालून. आणखी एक, मांडीवर आजारी पोरगं. तुम्हीच सांगा, हा माणूस कोण? फोटो बघून तुम्ही काय म्हणाला असता, हा गवंडी आहे?

शेजारी एक फोटो होता खरा, त्यात साहेबांनी राजाचा पोशाख घातला होता, डोक्यावर मुकुट आणि हातात तलवार. एकात भिकाऱ्याचा वेष. पण त्यात काय? आमच्या तालुक्याचे डॉक्टर दर गणपतीला नाटक करायचे. ताप बघता बघता संवाद म्हणायचे. डॉक्टर लोकांना हौस असते.

कपाटात बक्षिसं होती. म्हटलं, सरकारनं दिली असतील, सेवा केली म्हणून.

त्यात सामान आणायला गेलो की लोक त्यांना अडवायचे. एक बाई कागद पुढं करायची, साहेब त्यावर काहीतरी खरडायचे, बाई खूश होऊन जायची. मला वाटलं, औषधाची चिठ्ठी. एकदा एक आजी भाजीच्या रांगेत त्यांचे दोन्ही हात धरून रडली. म्हणाली, बर्फात सापडलेल्या त्या पोराला तुम्ही वाचवलंत, मी कधी विसरणार नाही. एवढं इंग्रजी मला कळतं. साहेबांनी काय करावं? तिच्या हातावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, पोरगंच धीराचं होतं.

माझ्या डोळ्याला पाणी आलं. देवमाणूस, म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी मी फोनमध्ये मालकांच्या बोटाचा फोटो काढून नेला. आपल्याकडं कसं, लग्नात जेवायला बसलेला डॉक्टरही सुटत नाही. ताटावरच रिपोर्ट दाखवतो आपण. इथं तर मी त्या माणसाला रोज वरण-भात घालत होते.

साहेबांनी चष्मा लावला. फोन उजेडाकडं धरला. किती दिवस झाले, विचारलं. ठणकतं का, विचारलं. शुगर आहे का, विचारलं. प्रत्येक उत्तरानंतर एक मोठा हुंकार. आयुष्यात मला कुठल्या डॉक्टरनं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. मग चष्मा काढला आणि गंभीर आवाजात म्हणाले, याला आजच इमर्जन्सीत घेऊन जा. वाट बघू नका.

मी म्हटलं, तुम्हीच द्या की काहीतरी.

तेव्हा ते म्हणाले, "सुमन, आय ॲम नॉट अ डॉक्टर."

हे त्यांनी सांगितलं. नाही म्हणत नाही मी. सांगितलं. वर असंही म्हणाले की मी टेलिव्हिजनवर डॉक्टर होतो, न्यूयॉर्कला तीस वर्षं स्टेजवर काम केलं, मग मालिकेसाठी इकडं आलो, अकरा वर्षं पांढरा कोट घातला.

पण मी काय समजले ते ऐका, आणि यात माझी हुशारी दिसते की मूर्खपणा, ते बघा.

टीव्हीचं मला नवल वाटलंच नाही. आपल्याकडं मोठमोठे डॉक्टर सकाळी टीव्हीवर येऊन सांगतातच, मूळव्याधीला काय खावं. स्टेजवर काय, तिथं शिबिरं घेतात, भाषणं करतात. राहिलं "नॉट अ डॉक्टर". त्याचा अर्थ मला इथल्या कुणाहीपेक्षा जास्त चांगला कळत होता. आमच्या गल्लीत एक हाडांचे डॉक्टर आहेत. देशात असताना मोडलेली माणसं उभी केली त्यांनी. इथं टॅक्सी चालवतात. विचारलं तर म्हणतात, मी डॉक्टर नाही. का? तर बाहेरची डिग्री इथं चालत नाही. परत परीक्षा द्या, परत शिका, परत रांगेत उभे राहा.

आणि पेलसाहेब अमेरिकेचे. म्हणजे बाहेरचे. कळलं?

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आपल्यासारख्या काळ्या माणसांना करतात ते करतात, पण या म्हाताऱ्या गोऱ्यालाही सोडलं नाही यांनी? ज्यानं बर्फातून पोरं वाचवली, त्याला स्वतःच्या तोंडानं सांगायला लावतात, मी डॉक्टर नाही? मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, साहेब, माझ्यासमोर असं बोलायचं नाही. तुम्ही डॉक्टर आहात. मी बघते या सरकारकडं.

साहेबांनी तेच वाक्य आणखी तीनदा म्हटलं. मग परत म्हणाले, इमर्जन्सी. मी मान हलवली. मनात म्हटलं, घाबरतो बिचारा. लायसन नसताना गोळी दिली तर पकडतील त्याला.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? नवऱ्याला धरून इमर्जन्सीत नेलं असतं.

मी सह्या गोळा करायला लागले.

अर्ज लिहिला शेजारच्या फिलोमिनानं. ती वसईची, देवळाला जाते म्हणजे चर्चला, आणि इंग्रजी तिचं फाडफाड. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. डॉक्टर पेल यांना ताबडतोब लायसन द्यावं, त्यांच्यासारखा डॉक्टर घरी बसवून सरकारनं लोकांचे पाय सडवू नयेत. "सडवू" शब्दाला ती अडली. म्हणाली, "बाय, जरा मऊ लिहूया." मी म्हटलं, नवरा तुझा आहे का? मग लिहिलं तिनं. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाली, "सुमन, पण तू त्यांना नीट विचारलंस ना?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, फोटो बघितलाय मी. फोटो. अगं, गळ्यात नळी आहे.

तीन आठवडे मी फिरले. इंडियन ग्रोसरीच्या दारात उभी राहिले. गुरुद्वाऱ्यात पंगतीला बसलेल्या बायकांच्या सह्या घेतल्या. कॉलेजची मराठी पोरं बसस्टॉपवर भेटली, त्यांना दम देऊन सह्या करायला लावल्या. एकानं विचारलं काकू हे कशाचं आहे, मी म्हटलं तुझ्या भल्याचं आहे, कर. टॅक्सीवाल्या डॉक्टरांनीही केली. सही करून ते कागदाकडं बघत बसले होते. मी म्हटलं, द्या लवकर, बस येतेय.

एकशे बारा सह्या झाल्या. आणि या तीन आठवड्यांत मालकांचं बोट जांभळं झालं. मी रोज रात्री हळद लावत होते आणि सांगत होते, थोडं थांबा, आपला घरचा डॉक्टर होतोय. मालक बिचारे पाय उशीवर ठेवून म्हणायचे, तू म्हणतीयेस तर थांबतो.

हे आठवलं की अजून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण ते नंतर.

आमदारांच्या ऑफिसात गेले. आमदार नव्हते, कधीच नसतात, तिकडं काय आणि इकडं काय. टेबलाशी एक पंजाबी बाई बसली होती. मी कागद आपटला आणि हिंदीत सुरू झाले. एकदा सुरू झाले की मी थांबत नाही, हे मालकांना विचारा. बाहेरच्या डॉक्टरांवर अन्याय, म्हाताऱ्या माणसाची चेष्टा, चार वर्षांची रांग, जांभळं बोट, सगळं सांगितलं. ती बाई चांगली होती. मान हलवत होती, लिहून घेत होती. मला पाणी दिलं. म्हणाली, बरोबर आहे तुमचं, आंटीजी, माझा नवरा पण तिकडचा दातांचा डॉक्टर आहे. मग म्हणाली, या डॉक्टरांची काही माहिती, काही पुरावा आहे का?

मी फोनमधला भिंतीवरचा फोटो काढून तिच्यासमोर धरला.

तिनं बघितलं. पेन ठेवलं. तोंडावर हात ठेवला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय, हिच्याही कुणाला वाचवलं असेल साहेबांनी.

"आंटीजी," ती म्हणाली, "ये तो ॲक्टर है."

मी म्हटलं, हो, नाटकं पण करतात, हौस आहे त्यांना.

"नहीं, आंटीजी. सिर्फ ॲक्टर है."

मग तिनं स्वतःच्या फोनवर दाखवलं. साहेब, अजून ताठ, पांढऱ्या कोटात, बर्फातून एका पोराला उचलून पळताहेत. पोरगं डोळे उघडतं. बाजा वाजतो. पुढच्यात साहेब न्यायाधीश. पुढच्यात दारू पिऊन जिन्यावरून पडताहेत. पुढच्यात डोक्यावर मुकुट, आणि स्टेजवर मरताहेत, चांगली पाच मिनिटं मरताहेत, नंतर उठून सगळ्यांना वाकून नमस्कार करताहेत. तिची सासू म्हणे त्यांची मालिका बघून इंग्रजी शिकली.

आतून आणखी दोघी बाहेर आल्या. त्यांनीही बघितलं. एकीनं अर्ज मोठ्यानं वाचला. फिलोमिनानं पाय सडण्याचं वाक्य फार चांगलं लिहिलं होतं, ते दोनदा वाचलं.

मी कागद उचलला आणि निघाले. बसमध्ये बसले आणि असा राग आला, असा राग आला, की दोन स्टॉप पुढं गेले.

साहेबांच्या घरात शिरले ती चपलांसकट. ते खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, तुम्ही मला फसवलंत. मराठीतच म्हटलं, मग परत इंग्रजीत जमेल तसं म्हटलं. तो हुंकार कशाला दिलात? चष्मा लावून फोटो उजेडात कशाला धरलात? भाजीच्या रांगेत त्या म्हातारीला, पोरगं धीराचं होतं, हे कशाला सांगितलंत? कुठलं पोरगं? कुठला बर्फ? कापूस होता तो.

ते म्हणाले, "सुमन, मी तुला सांगितलं होतं. चार वेळा."

मी म्हटलं, एकदाच सांगायचं होतं, पण डॉक्टरसारखं तोंड न करता सांगायचं होतं.

पन्नास वर्षांत म्हणे त्यांना कुणी असं बोललं नव्हतं. त्यांनी अर्ज मागितला, एकेक सही बोट फिरवून बघितली. मग चेहरा एकदम बदलला. विचारलं, पायाचं काय झालं? नेलंस ना त्याला?

मी चपला काढायला वाकले.

तीन आठवडे, म्हणाले ते. प्रश्न नव्हता तो. आणि पहिल्यांदाच मी त्यांना खरोखर रागावलेलं बघितलं. ते नाटक नव्हतं, कारण आवाज चिरका येत होता. म्हणाले, तुझ्यासारखी हट्टी बाई मी न्यूयॉर्कमध्येसुद्धा बघितली नाही. आणि त्यांनी फोन उचलला.

त्यांच्या घराजवळ एक क्लिनिक आहे. त्याच क्लिनिकनं मला दोनदा परत पाठवलं होतं. साहेबांनी घसा साफ केला, आणि त्या आवाजात बोलायला लागले, बर्फातल्या. नाव सांगितलं. पलीकडून कुणीतरी किंचाळलं. मग साहेबांनी बोटाची सगळी हकीकत सांगितली, अर्जाची सांगितली, सह्यांचीसुद्धा सांगितली. चार मिनिटं. उद्या सकाळी दहाची वेळ.

चार वर्षं खऱ्या पेशंटला मिळत नाही, आणि खोट्या डॉक्टरला चार मिनिटांत. सांगा, चिडू नको तर काय करू? पण या वेळी तोंड बंद ठेवलं आणि मालकांना फोन केला. म्हटलं, उद्या शिफ्ट नाही.

क्लिनिकमध्ये आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं. मालकांनी पायमोजा काढला. मी तिकडं बघितलं नाही. दार उघडून एक पोरगी आत आली. पायात खेळायचे बूट, केसांना चिमटा, कोट नाही, नळी नाही, हातात नुसता कॉम्प्युटर. हाय म्हणाली आणि स्टुलावर बसून बोट दाबून बघायला लागली.

आता मी एकदा फसलेली. दुसऱ्यांदा फसणार होय? मालकांना म्हटलं, आपल्या भाषेत, ठणठणीत, "पायाला हात लावू देऊ नका. आधी विचारा, खरी आहे का टीव्हीवरची. तोंडावरून तर चहा आणून देणारी वाटतीये."

पोरगी मान वर न करता म्हणाली, "खरी आहे, काकू. नागपूरची."



तिनं बोट पूर्ण तपासलं, जखम साफ केली, पट्टी बांधली, जालीम औषध लिहून दिलं आणि दर तिसऱ्या दिवशी यायला सांगितलं. मालकांनी घाबरत विचारलं, राहील का बोट? म्हणाली, राहील. पण आणखी एक आठवडा सह्या गोळा केल्या असत्या तर काय सांगितलं असतं, माहीत नाही.

मी म्हटलं, तुला सह्यांचं कसं कळलं?

म्हणाली, रिसेप्शनवर सकाळपासून दुसरा विषयच नाही. मग हातमोजे काढता काढता सांगत गेली. तिकडची एमबीबीएस. इथं आली तेव्हा कुणी डॉक्टर म्हणेना. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली, परत सगळ्या परीक्षा दिल्या, दोनदा नापास झाली, सात वर्षं गेली. ही तिची पहिलीच नोकरी, तीन महिनेही झाले नव्हते.

"सात वर्षं, काकू," ती म्हणाली. "माझ्यासाठी कुणी एक सही गोळा केली नाही."

कॅनडात आल्यापासून पहिल्यांदा मला काय बोलावं ते सुचलं नाही. मालकांनी माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. ती शांतता बघून त्या पोरीनं संधी साधली आणि माझ्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं. दोनदा बघितलं. म्हणाली, कुणावर एवढं चिडता तुम्ही?

मालकांचं बोट राहिलं. महिन्याभरात ते परत खोकी उचलायला लागले, औषधही बंद झालं. रोज सकाळी गोळी घेते ती मी. आयुष्यभर घ्यायची आहे म्हणे, खऱ्या डॉक्टरणीनं सांगितलंय.